घड्याळ म्हणतं ठोके चुकतात, काकू म्हणतात मला काहीच होत नाही

गणपतीला मुंबईहून आलेल्या मुलाने आईच्या मनगटाला स्मार्टवॉच बांधलं. चार दिवसांनी त्यावर अनियमित ठोक्यांची सूचना आली आणि घरात दोन तट पडले. मुलाला वाटलं, आता अटॅक येणार. आई म्हणाली, "मला काय धाड भरलीय? आरतीला तासभर उभी राहते." रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या या काकू ७२ वर्षांच्या, ब्लडप्रेशरची गोळी घेणाऱ्या. त्रास नसताना तपासणी कशाला, हा त्यांचा प्रश्न या वयाच्या बऱ्याच बायका विचारतात.

मुळात त्रास नाही हेच आधी नीट विचारून घ्यावं लागतं. काकूंच्या सुनेने हळूच सांगितलं, "पूर्वी पाखाडीच्या पायऱ्या एका दमात चढायच्या, आता मध्ये दोनदा बसतात." घरच्यांनी ते वयावर ढकललं होतं. काहींना खरोखरच काही जाणवत नाही, आणि धोका तरीही असतो.

धोका अटॅकपेक्षा लकव्याचा. घड्याळाच्या अशा सूचनेमागे ज्याचा संशय असतो, त्या एट्रियल फिब्रिलेशन या आजारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरत राहतात. डाव्या कप्प्याच्या एका कोपऱ्यातल्या पिशवीत रक्त साकळतं, गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन अडकते. लकव्याची शक्यता साधारण पाचपट होते. म्हणूनच युरोपातले हृदयतज्ज्ञ ६५ वर्षांपुढे कोणत्याही निमित्ताने दवाखान्यात आलेल्या माणसाची नाडी बघा म्हणतात. सरसकट चाचणीसाठी पुरावा पुरेसा नाही, असं अमेरिकेच्या तज्ज्ञ गटाने २०२२ मध्ये सांगितलं. तो वाद यंत्रांचा आणि खर्चाचा आहे. नाडीला बोटं लावायला पैसे पडत नाहीत.

घड्याळ सैल असेल, हात हलत असेल किंवा मध्येच एखादा जादा ठोका पडत असेल, तरी सूचना येते. तिच्यावरून निदान होत नाही आणि गोळीही सुरू होत नाही. त्यासाठी ईसीजीची पट्टी लागते. काकूंचा पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण हा आजार सुरुवातीला येतो-जातो, त्यामुळे एका नॉर्मल ईसीजीवर विषय मिटत नाही. अशा वेळी २४ तासांचा किंवा त्याहून लांब होल्टर, म्हणजे अंगावर बाळगून सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र, लावतात. तो तालुक्याला मिळेना, म्हणून तोवर सुनेला नाडी बघायला शिकवलं.

पाच मिनिटं स्वस्थ बसवायचं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या हाडालगत दोन बोटं हलकी टेकवायची. स्वतःचा अंगठा नको, त्यात स्वतःचीच नाडी लागते. पूर्ण मिनिटभर, नाडीबरोबर पायाने ताल धरत मोजायचं. ताल चालू राहून मध्येच एखादा ठोका गळला, तर बहुधा तो जादा ठोक्याचा प्रकार. तालच धरता येत नसेल, पुढचा ठोका कधी पडेल याचा अंदाजच लागत नसेल, तर त्याच दिवशी ईसीजी. बीपीचं मशीन तेव्हा दर वेळी वेगळा आकडा दाखवतं, म्हणून तीनदा घेऊन सरासरी काढायची.

दहाव्या दिवशी सकाळी ताल सापडेना. त्या दिवसाच्या ईसीजीत निदान झालं. मग इको (हृदयाची सोनोग्राफी), थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. इको टाळू नका. लहानपणीच्या संधिवाती तापाने हृदयाची झडप अरुंद झालेल्या बायका आपल्याकडे आहेत. अरुंदपणा मध्यम किंवा जास्त असेल तर त्यांना रक्त पातळ ठेवणारी नवी औषधं नाही, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची चाचणी) तपासत द्यायची जुनी गोळीच लागते.

काकूंची झडप चांगली होती. वय आणि ब्लडप्रेशर यांमुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी ठरली, आणि खरी घासाघीस इथे झाली. "शेजारीण ॲस्पिरिन घेते, तीच द्या ना." ॲस्पिरिन या गुठळीला पुरेसा आळा घालत नाही, आणि तिनेही रक्तस्राव होतोच. त्यात काकू गुडघ्यांसाठी मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या परस्पर आणायच्या. नव्या गोळीबरोबर पोटात रक्तस्राव होण्याचं ते मोठं कारण, त्या आधी बंद केल्या. दुसरी अडचण संकष्टीची. त्यांना रिवारॉक्सबान ही रक्त पातळ ठेवणारी नवी गोळी दिली होती. तिचा नेहमीचा डोस भरल्या पोटीच नीट शोषला जातो. म्हणून ती रात्रीच्या जेवणाबरोबर ठेवली. संकष्टीला चंद्रोदयानंतर पान वाढलं की गोळी. एकादशीला मात्र नुसत्या चहावर चालणार नाही, फराळ पोटभर हवा.

गोळी कधी घेतली ते कॅलेंडरवर लिहायला सांगितलं आहे. तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोबडी वळली, तर घरी वाट न बघता १०८. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते द्यायचं की नाही हे ठरवताना डॉक्टर शेवटची गोळी किती वाजता घेतली तेही विचारतात.