व्हॅलोरंट, टॅली आणि एक लाख: असेंबल, मॅक मिनी, लिनक्स की प्लेस्टेशन?

तुमच्या प्रश्नातल्या गोष्टी आधी एकत्र मांडतो. मुलगा मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला आहे, कॉलेजात सॉलिडवर्क्स हे यंत्रांच्या भागांची मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर आहे. खेळायला व्हॅलोरंट आणि जीटीए ऑनलाइन हवंय. सोसायटीचे हिशेब टॅलीवर चालतात. आजोबांच्या श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फायली उघडायच्या आहेत. मॉनिटरसकट बजेट एक लाख, घर सदाशिव पेठेतल्या जुन्या इमारतीत. दुकानदार असेंबल (सुटे भाग जोडून बनवलेला) घ्या म्हणतोय, मुलाचा मित्र विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स टाका म्हणतोय, भावाने ॲपलचा छोटा मॅक मिनी सुचवलाय.

तुम्ही विंडोजचा असेंबल डेस्कटॉप घ्या. बेंचमार्कचे (वेगाच्या चाचण्यांचे) आकडे बघायच्या आधी एका कागदावर लिहा, की घरातली कुठली गोष्ट कुठे अजिबात चालत नाही. तुमच्या यादीपुरतं ते असं: व्हॅलोरंट मॅकवरही नाही, लिनक्सवरही नाही. त्याचं व्हॅनगार्ड हे अँटी-चीट (फसवून खेळणाऱ्यांना पकडणारा प्रोग्रॅम) विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, बसतं आणि दुसरीकडे त्याला जागाच नाही. जीटीए ५ ची मॅक आवृत्ती कधी आली नाही. लिनक्सवर त्याचा स्टोरी मोड आजही व्यवस्थित चालतो, पण सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय हे अँटी-चीट घातल्यापासून ऑनलाइन बंद. सॉलिडवर्क्स फक्त विंडोजचं, टॅलीप्राइमही विंडोजचंच. पाचपैकी चार गोष्टी एकाच बाजूला पडल्या, की चर्चा तिथेच संपते.

तरी मॅक मिनीला उगाच नावं ठेवू नयेत. एम४ चा मिनी २०२४ च्या अखेरीस ५९,९०० रुपयांना आला, तोही १६ जीबी मेमरीसकट. रिकामा बसला की ४-५ वॅट खातो, पूर्ण ताणला तरी ६५ च्या आसपास. लिखाण, फोटो, व्हिडिओ एडिटिंग, ब्राउझरमध्ये चाळीस टॅब आणि वर्षभरात दोन-तीन मोठे एकट्याने खेळायचे गेम, एवढंच काम असेल तर मी डोळे झाकून तोच सांगेन. सायबरपंक २०७७ जुलै २०२५ पासून मॅकवर आहे, बाल्डर्स गेट ३ तर आधीपासून आहे. अडचण येते ती जागेची. बाल्डर्स गेट ३ एकटा १५० जीबी मागतो आणि मिनीच्या मूळ मॉडेलमध्ये सगळी मिळून २५६. म्हणजे पहिल्याच महिन्यात बाहेरची एसएसडी (वेगवान डिस्क) आली. ती १० गिगाबिट यूएसबी-सीची घ्या आणि स्टीमची (गेम विकणाऱ्या ॲपची) लायब्ररी तिच्यावर हलवा, गेम त्यावरून नीट चालतात. मेमरी मात्र नंतर वाढवता येत नाही, ती चिपबरोबरच बसवलेली असते. आणखी एक: २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकवर ३२-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत. त्यामुळे स्टीमवर ‘मॅक’ असं लिहिलेले कितीतरी जुने गेम उघडतच नाहीत. विकत घेण्याआधी पानाच्या तळाशी सिस्टिम रिक्वायरमेंट वाचा. पॅरलल्स या मॅकच्या आत विंडोज चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये विंडोज टाकून टॅली चालवता येतं, पण ते विंडोज एआरएम चिपसाठीचं असतं आणि लायसन्सं दोन भरावी लागतात. व्हॅनगार्ड तिथेही चालत नाही.

मुलाच्या मित्राचं म्हणणं मात्र अर्धं बरोबर आहे. स्टीमवाल्या व्हॉल्वने २०१८ मध्ये विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आणलं आणि २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं मशीन. तेव्हापासून विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणं ही कसरत राहिलेली नाही. स्टीममध्ये प्रोटॉन आता आपोआप चालू असतं, नुसता गेम इन्स्टॉल करायचा, संपलं. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ तर लिनक्सवर मूळचेच आहेत. ऑनलाइन स्पर्धेचा गेम आला की आधी तपासायचं: फोर्टनाइट नाही, एपेक्स लेजंड्स २०२४ च्या अखेरीस बंद झाला, नवे कॉल ऑफ ड्यूटी आणि बॅटलफील्ड ६ नाहीत. प्रत्येक गेमसाठी प्रोटॉनडीबी ही वापरणाऱ्यांच्या शेऱ्यांची साइट बघा, आणि त्यातले मागच्या दोन-तीन महिन्यांतलेच शेरे वाचा. जुन्या ‘प्लॅटिनम’ (म्हणजे ‘सगळं नीट चालतं’) शेऱ्यावर विसंबू नका.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही हवंच असेल तर एकाच मशीनवर दोन्ही ठेवा, पण दोन वेगळ्या एसएसडींवर. एकाच ड्राइव्हवर ठेवलं तर विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर कधी तरी लिनक्सची बूट नोंद गायब होते आणि मग रात्री अकराला फोनाफोनी. अशा डुअल बूटमध्ये आपल्याकडे हमखास दिसणारी गंमत घड्याळाची: लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की वेळ साडेपाच तास मागे. मशीन बिघडलेलं नसतं. मदरबोर्डवरचं घड्याळ लिनक्स यूटीसीमध्ये (ग्रीनिचच्या वेळेत) ठेवतं आणि विंडोज तेच स्थानिक वेळ म्हणून वाचतं, तो फरक बरोबर साडेपाच तासांचा. लिनक्सला हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितलं की मिटतं. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोजचं पार्टिशन लिनक्सला नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही. आणि गेमची लायब्ररी दोघांत सामाईक एनटीएफएसवर (विंडोजच्या डिस्क फॉरमॅटवर) ठेवू नका, प्रोटॉन तिथे अडखळतं.

प्लेस्टेशनबद्दल दोनच ओळी. टीव्हीसमोर सोफ्यावर बसून खेळायचं असेल तर एवढ्या पैशात त्याच्यासारखं काही नाही, आणि जीटीए ६ ची जाहीर झालेली तारीख १९ नोव्हेंबर २०२६ ही सध्या पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजपुरतीच आहे. पण त्यावर टॅली चालत नाही, तेव्हा कॉम्प्युटर वेगळा घ्यावाच लागेल.

आता असेंबल. व्हॅलोरंटसारख्या गेमला ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसर जास्त लागतो, आणि सॉलिडवर्क्समध्ये पार्ट बनवताना तर एकच कोर राबत असतो. म्हणून इथे प्रोसेसरवर काटकसर करू नका: रायझन ५ ७६०० पुरेसा आहे. त्याच्या एएम५ सॉकेटला (बोर्डवर प्रोसेसर बसतो त्या खाचेला) एएमडीने २०२७ च्या पुढेपर्यंत साथ द्यायचं कबूल केलंय, म्हणजे चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलता येईल. दुकानदार इंटेल १२४०० एफ स्वस्तात देतो म्हणेल. चिप वाईट नाही, पण तिचा सॉकेट संपलेला आहे. आणि ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही: कार्ड वॉरंटीत गेलं की तीन आठवडे स्क्रीन काळी. ७६०० मध्ये छोटं का होईना, ग्राफिक्स असतं, तेवढ्यावर टॅली आणि लेक्चर दोन्ही चालतं.

रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून भडकलेत, त्यामुळे बहुतेक कोटेशनांत इथेच हात आखडलेला दिसतो. ८-८ च्या दोन काड्या की १६ ची एक? वेगळं ग्राफिक्स कार्ड असताना माझं मत १६ च्या एकीला. थोडी गती जाते, पण पुढे तशीच दुसरी घातली की ३२ होतात. दोन स्लॉटच्या बोर्डवर ८-८ घेतल्या तर वाढवताना दोन्ही काढून ठेवाव्या लागतील. मात्र कार्डाशिवाय, प्रोसेसरच्याच ग्राफिक्सवर खेळायचं असेल तर हा हिशेब पूर्ण उलटा: तिथे दोन काड्या हव्यातच. ते ग्राफिक्स रॅमलाच व्हिडिओ मेमरी म्हणून वापरतं आणि एका काडीने त्याचा रस्ता निम्मा होतो.

बोर्ड बी६५० चा किंवा ए६२० चाही चालेल, ६५ वॅटच्या प्रोसेसरला तो पुरतो. एसएसडी १ टीबी एनव्हीएमई. कार्ड आरएक्स ९०६० एक्सटी किंवा आरटीएक्स ५०६०, जे बजेटमध्ये बसेल ते. ९०६० एक्सटी १६ जीबीत मिळतं आणि ओढाताण करून घेता आलं तर तेच घ्या, ८ जीबी नव्या गेमना आत्ताच तोकडं पडतंय. सॉलिडवर्क्सचं रिअलव्ह्यू (मॉडेल खऱ्यासारखं चकचकीत दाखवणं) गेमिंग कार्डांवर बंद राहतं. पहिल्या वर्षाच्या पार्ट आणि असेंब्लीला त्याने काही अडत नाही. एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) ५५० वॅट, नामांकित कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ शिक्क्याचा. कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ आलेला नको. कॅबिनेट समोरून जाळीचं घ्या, काचेच्या बंद तोंडाचं नको: एप्रिल-मेच्या पुण्यात खोलीच ३५ अंशांवर असते, आत हवा जायला वाट हवी. बांधकाम शेजारी चालू असेल तर जाळीमागचं फिल्टर दर महिन्याला काढून झटका.

दुकानातून मशीन घरी आणण्याआधी तिथेच चालू करून पुढच्या गोष्टी बघा, अर्धा तास जातो.

टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी. रॅमच्या डब्यावर ६००० लिहिलेलं असेल आणि इथे ४८०० दिसत असेल, तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची सोय, चालू केलेलं नाही. हे इतक्या मशीनवर राहून गेलेलं असतं की गृहीतच धरा. मग मॉनिटरची केबल बघा. ती खाली कार्डाला लावलेली हवी, वरती मदरबोर्डला नव्हे. डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट १४४ किंवा पॅनल जे असेल ते निवडा, विंडोज पुष्कळदा ६० वरच ठेवतं.

सिस्टिम इन्फर्मेशन उघडा. बायोस मोडसमोर ‘यूईएफआय’ आणि सिक्युअर बूट स्टेटसमोर ‘ऑन’ हवं. ‘लेगसी’ दिसलं तर जुन्या पेन ड्राइव्हवरून घाईत इन्स्टॉल केलंय. विंडोज ११ वर व्हॅलोरंट व्हॅन ९००१ किंवा ९००३ ची एरर देऊन बंद पडतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच: टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) किंवा सिक्युअर बूट बंद. एएमडीच्या बायोसमध्ये टीपीएमचं नाव एफटीपीएम, इंटेलमध्ये पीटीटी. घरी आल्यावर कधी बायोसमध्ये हात घालणार असाल तर आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की लिहून ठेवा. विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर डिस्क गुपचूप एन्क्रिप्ट करतं, आणि टीपीएमला धक्का लागला की ४८ आकडी की मागून बसतं.

सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन. तिथे ‘ऑर्गनायझेशनच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिस’ने चालू झाल्याचं लिहिलेलं असेल तर ती चोरीची कॉपी आहे, कारण तुमच्या घरी कुठलीही ऑर्गनायझेशन नाही. अशा कॉपीसोबत ॲक्टिव्हेटर (ती चालू करणारा चोरटा प्रोग्रॅम) येतो आणि त्यासाठी डिफेंडर या विंडोजच्या अँटीव्हायरसमध्ये सूट दिलेली असते. ज्या मशीनवर टॅली आणि बँक दोन्ही आहेत, तिथे हे चालवून घेऊ नका. विंडोजचे पैसे बजेटमध्ये धरा. विंडोज १० चा साधा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ‘जुनीच सीडी टाकतो’ म्हणणाऱ्यालाही नकोच म्हणा.

श्री-लिपीच्या फायलींसाठी वेगळं काही लागत नाही: ते सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलता येतो. नुसता फाँट टाकून फाइल वाचता येईल, पण तीच फाइल मेलवर पाठवली की समोरच्याला इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. नवं टायपिंग युनिकोडमध्येच करा. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड आयते आहेत.

आता वीज, कारण जुन्या इमारतीत खरी मेख इथे असते. खेळताना कार्ड १५०-१६०, प्रोसेसर ८०, मॉनिटर २५, बाकी ३०-४०, म्हणजे तीनशेच्या आसपास वॅट. ६०० व्हीएचा साधा यूपीएस ३६० वॅटचा असतो, तेव्हा तो गेम सेव्ह करून बंद करण्यापुरती तीन-चार मिनिटं देईल. काही एसएमपीएस यूपीएसच्या पायऱ्यापायऱ्यांनी चढउतरणाऱ्या विजेवर दगा देतात आणि वीज गेली की यूपीएससकट मशीन बंद पडतं. ११०० व्हीए घेतला तर ही भानगड बरीच कमी होते. बॅटरीच्या सॉकेटवर कॅबिनेट, मॉनिटर आणि राउटर एवढंच. लेझर प्रिंटर कधीच नाही, तो गरम होताना एका झटक्यात एवढी वीज ओढतो की यूपीएस पडतो. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत जाते, तपकीर गल्लीत सुटी मिळते. घरी इन्व्हर्टर असेल तर मागचा खटका ‘यूपीएस’ मोडवर ठेवा, नॉर्मलवर स्विच होईपर्यंत मशीन रीस्टार्ट होतं.

आणि अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर मशीनचा दोष शोधत बसू नका, पेठांतल्या जुन्या वायरिंगमध्ये तिसऱ्या पिनला मागे काही जोडलेलंच नसतं. इलेक्ट्रिशियनला त्या सॉकेटच्या फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून दाखवायला सांगा. फेज-न्यूट्रलवर पेटतो तेवढ्याच उजेडात पेटला पाहिजे. मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर मशीन आणण्याआधी अर्थिंग करून घ्या. घरात आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर या परीक्षेत तो पडेल, म्हणजे अर्थ जोडलेली आहे एवढं कळतं.

बिल जीएसटीचं घ्या, आणि त्यावर कार्ड, बोर्ड, एसएमपीएस, एसएसडी यांचे सिरीयल नंबर लिहून घ्या. एकरकमी ‘असेंबल कॉम्प्युटर १ नग’ असं बिल घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलात तर परत पाठवतात. रिकामे खोकेही माळ्यावर टाका, तीन वर्षं तरी.