पेपर सगळे नेटवर मिळतात, मग पीएच.डी.साठी विद्यापीठाच्या लायब्ररीत जाऊन करायचं काय?

तुम्ही विचारलंय की बडोद्याच्या विद्यापीठात इतिहासात पीएच.डी.ला प्रवेश मिळालाय, गाईड सारखे "लायब्ररीत जा" म्हणतात, पण लॅपटॉपवर सगळं मिळत असताना तिथे जायचं कशाला. चाळिशी उलटल्यावर मी पीएच.डी.ला नाव घातलं, तेव्हा मीही हेच म्हणायचे. विषय काय, तर बडोदे संस्थानातली ग्रंथालयं. आणि ग्रंथालयाची पायरी चढायचा कंटाळा!

आधी पेपरांचं सांगते. नेटवर जे सहज उघडतं त्यातलं बरंचसं कुणीतरी पैसे भरलेत म्हणून उघडतं. 1 जानेवारी 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्र सरकारची योजना सुरू झाली आहे. 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं केंद्र आणि राज्य सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना वाचता येतात. 3 वर्षांसाठी 6,000 कोटींची तरतूद आहे. दांडिया बाजारातल्या घरी बसून लिंक उघडली आणि डॉलर मागणारी पाटी आली, तर कार्ड काढू नका. घरून लॉगिन कसं करायचं ते लायब्ररीत विचारा. तरीही एखादा लेख मिळाला नाही तर दुसऱ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातून प्रत मागवता येते का, हेही तिथेच विचारायचं.

पण मला लायब्ररीची खरी किंमत कळली ती वेगळ्याच कारणाने. जवळजवळ सहा महिने मी कॅटलॉगमध्ये शोध घेत होते आणि तीच पाच-सात पुस्तकं पुन्हा पुन्हा समोर येत होती. शेवटी वैतागून संदर्भ विभागाच्या टेबलाशी गेले. तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "बेन, कया स्पेलिंगथी शोध्युं?"

मी गप्प. इंग्रजीत गायकवाड लिहिताना कुणी एआय लिहितं, कुणी एई. जुन्या कागदांत तर शेवटी डीच्या जागी आर असतो, म्हणजे 'गायकवार'. गावाचं नाव कुठे बरोडा, कुठे वडोदरा. मराठीत बडोदे आणि बडोदा. यंत्राला हे सगळं एकच आहे हे कळत नाही. त्या बाईंनी मला एका कागदावर सगळी रूपं लिहायला लावली आणि एकेक टाकून बघायला सांगितलं. दुपारपर्यंत माझी यादी तिप्पट झाली होती.

मग त्यांनी विषय नीट विचारून घेतला. 1910 साली सयाजीरावांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना ग्रंथालयखातं उभारायला बोलावलं, ते 1913 पर्यंत इथे होते, हे मला पाठ होतं. पण 1912 मध्ये बडोद्याहून 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं नियतकालिक निघालं आणि त्यात इंग्रजी, गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असायचा, हे मला त्या टेबलावर कळलं. मी मराठी शाळेत शिकलेली, आणि सहा महिने शोधत होते फक्त इंग्रजीत! अजून आठवलं की लाज वाटते.

आणखी एक घोळ नवीन लोक नेहमी करतात. विद्यापीठाची हंसा मेहता लायब्ररी वेगळी, मांडवीजवळची संस्थानकाळातली सेंट्रल लायब्ररी वेगळी, आणि हस्तलिखितांसाठी प्राच्यविद्या मंदिर आणखी वेगळं. संस्थानचं दप्तर बघायचं तर अभिलेखागारात जावं लागतं, आणि तिथे मोडी आली नाही तर नुसते कागदाचे गठ्ठे बघत बसाल. कोणता कागद कोणत्या दारी मिळेल हे सांगणारा माणूस गूगलवर भेटत नाही. चॅटबॉट तर जे पुस्तक कधी छापलंच गेलं नाही त्याचाही पान क्रमांक देतो. असा संदर्भ वापरण्याआधी संदर्भ विभागात दाखवा.

विषय ठरवतानाच शोधगंगा बघून घ्या. हे प्रबंधांचं भांडार आपल्याच गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र सांभाळतं. तुमच्याच विषयावर कुणी आधी लिहून ठेवलंय हे तिसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

प्रबंधातला मजकूर दुसरीकडून उचललाय का हे बघणाऱ्या साम्यतपासणीला सगळे घाबरतात. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही; 10 ते 40 असेल तर सुधारून पुन्हा द्यायचं; 40 ते 60 असेल तर वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही; 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. संदर्भसूची आणि नीट श्रेय दिलेली अवतरणं या मोजणीत धरत नाहीत. पण अहवाल काढताना ती वगळली आहेत ना, हे विचारून घ्या. माझ्या पहिल्या अहवालात ती वगळलेली नव्हती. आकडा बघून मी दोन रात्री झोपले नाही. त्यामुळे पहिलं प्रकरण लिहून झालं की लगेच तपासून मिळेल का ते विचारा, पूर्ण प्रबंध होईपर्यंत थांबू नका.

आता खरं सांगायचं तर प्रत्येक टेबलावर अशा बाई भेटतीलच असं नाही. काही ठिकाणी मान वर न करता "कंप्युटरमां जुओ" एवढंच ऐकायला मिळतं. अशा वेळी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाकडे जा, आणि "माझ्या विषयावर काय आहे?" असं मोघम विचारू नका. कोणता काळ, कोणतं खातं, आतापर्यंत काय काय पाहिलं, हे अर्ध्या पानावर लिहून न्या. सोबत स्पेलिंगचा कागद ठेवा. माझा अजून डायरीत आहे, शेवटी मोजली तेव्हा त्यावर 19 रूपं होती.