मिनेसोटाच्या थंडीत घराच्या बाहेरच्या ट्रिमला रिसायकल मालाच्या फळ्या टिकतात का? कोणत्या घ्याव्यात?

तुम्ही लिहिलंय की सेंट पॉलमध्ये १९६०च्या सुमाराचं घर घेतलंय, खिडक्यांभोवतीच्या आणि गॅरेजच्या दाराच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे ट्रिम, खालून कुजल्यात, आणि नवीन लावायच्याच तर रिसायकल केलेल्या मालाच्या लावाव्यात असं मनात आहे. टिकतात, नक्की टिकतात. पण फळी निवडताना त्यात रिसायकल माल किती टक्के, हे नंतर विचारा. उन्हाळा ते हिवाळा ती लांबीत किती कमी-जास्त होते, हे आधी विचारा. मी हे उलट्या क्रमाने केलं आणि एकाच भिंतीचं काम दोनदा करावं लागलं.

आमच्या गॅरेजच्या दुहेरी दारावर आडवी १८ फुटी फोम पीव्हीसीची, म्हणजे फुगवलेल्या प्लास्टिकची, फळी लावली होती. काम जुलैमध्ये झालं. ठेकेदाराने दोन्ही टोकं उभ्या पट्ट्यांना घट्ट भिडवली, सांध्यात सीलंट भरलं, दिसायला सुरेख झालं. जानेवारीत सीलंट फाटून टोकाला बोट जाईल एवढी फट पडली होती. जानेवारीत त्याने काही बिघडत नाही, सगळं गोठलेलंच असतं. नुकसान मार्चमध्ये होतं. दिवसा छपरावरचं बर्फ वितळून पाणी फटीत शिरतं, रात्री तिथेच गोठतं, फुगतं, फट आणखी उघडतं. दुसऱ्या वसंतात फळी काढली तेव्हा मागच्या ओएसबीत, म्हणजे लाकडाच्या चिपा दाबून केलेल्या भिंतीच्या तक्त्यात, स्क्रूड्रायव्हर लोण्यात जावा तसा गेला.

हिशेब साधा आहे. ३० जानेवारी २०१९ला मिनियापोलिसचं तापमान उणे ३३ अंशांवर गेलं होतं, आणि उन्हाळ्यात ते ३५पर्यंत चढतं. ऊन लागणारी फळी हवेहूनही तापते. म्हणजे ७० अंशांचा फरक धरायलाच हवा. फोम पीव्हीसी मीटरला अंशामागे साधारण ०.०५८ मिलिमीटर हलते, म्हणून १८ फुटांची, म्हणजे साडेपाच मीटरची फळी मोकळी असेल तर २२ मिलिमीटर हलेल. दुधाच्या प्लास्टिकच्या कॅनपासून बनवलेली एचडीपीई फळी त्याच्या दुपटीने. साधं लाकूड लांबीत जेमतेम दीड-दोन मिलिमीटर हलतं. त्याला थंडी नाही, पाणी मारतं.

या कसोटीवर मला सगळ्यात भरवशाची वाटते ती राखेची फळी. इकडे तिला पॉलीअ‍ॅश म्हणतात. कोळशाच्या वीजकेंद्रातली उडती राख पॉलिमरने बांधून, काचतंतू घालून ती बनवतात. ट्रूएक्स्टेरिअर हे त्यातलं ओळखीचं नाव. त्यात रिसायकल माल ७० टक्क्यांच्या आसपास असतो. मी मूळचा चंद्रपूरचा. तिथल्या, आज २९२० मेगावॅटच्या असलेल्या वीजकेंद्राची राख गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसलेली पाहत मोठा झालो. तिकडे त्या राखेच्या विटा होतात हे माहीत होतं, पण तिच्या जातीची राख मिनेसोटातल्या माझ्या खिडकीची चौकट होईल असं वाटलं नव्हतं. म्हणून या मालाबद्दल मला जरा जास्त जिव्हाळा आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

ती पीव्हीसीपेक्षा कितीतरी कमी हलते, पाणी जवळजवळ पीत नाही, आणि जमिनीला किंवा काँक्रीटला टेकली तरी चालते. तुमच्या गॅरेजच्या दाराचे खालचे कोपरे आठवा: फावड्याने लोटलेलं बर्फ तिथे साचतं, गाडीखालून रस्त्यावरचं मीठ गळतं, एप्रिलपर्यंत ओल हटत नाही. त्या जागी मी दुसरं काही लावणार नाही. फळी प्रायमर मारून येते, पण रंग द्यावाच लागतो. मात्र ती फारशी फुगत-आकसत नसल्याने रंग पोपडे न धरता टिकतो, आणि गडद रंगही चालतो. वजनाला जड आहे, लांब फळी आडवी धरली तर वाकते, म्हणून दोघांनी कडेवर उभी धरून न्यावी. आणि एक मनापासून सांगतो: कापताना उडणाऱ्या भुकटीत सिलिका असते. एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क लावा, कापणं बाहेर अंगणात करा, पोरांना लांब ठेवा. फळीत बांधलेली राख भिंतीवर निरुपद्रवी असते. करवतीखाली मोकळी झालेली तशी नसते.

पीव्हीसी टाकाऊ आहे असं नाही. खिडकीच्या बाजूच्या दीड मीटरच्या पट्टीला ती फक्त ६ मिलिमीटर हलते, तेवढं सांभाळता येतं. दर १६ इंचांवर स्टेनलेसचे स्क्रू, सांध्यांना पीव्हीसीचाच गोंद, आणि काम शक्यतो मे किंवा सप्टेंबरमध्ये, म्हणजे फळी ना फार ताणलेली ना फार आकसलेली असते. कडक थंडीत ती ठिसूळ होते, खिळा मारताना तडकते. गडद रंग हवा असेल तर पीव्हीसीसाठीचा खास रंगच घ्या. साध्या रंगात प्रकाश परावर्तनाचा आकडा, म्हणजे एलआरव्ही, ५५च्या खाली नको, नाहीतर उन्हात फळी तापून वाकते.

एचडीपीई बाकासाठी, बागेतल्या वाफ्यांसाठी उत्तम. ट्रिमला नको: खूप हलते, रंग धरत नाही.

दुकानात दिसणारी लाकडाच्या चिपांची दाबलेली फळी बहुतेक वेळा रिसायकल नसते, ती लहान झाडांच्या लाकडाची असते. वरच्या मजल्याला चांगली आहे, पण कापलेलं प्रत्येक टोक रंगाने बंद केलं तरच.

आता टक्क्यांकडे येतो. पाटीवर ‘रिसायकल्ड’ लिहिलेलं असलं तर ते ग्राहकाने वापरून टाकलेल्या मालाचं आहे की कारखान्यातून निघालेल्या टाकाऊ मालाचं, हे विचारा. आयएसओ १४०२१ या मानकात दोन्ही वेगळे मोजले जातात, आणि एखाद्या कारखान्याने स्वतःचेच तुकडे दळून त्याच प्रक्रियेत परत घातले तर ते रिसायकलमध्ये धरतच नाहीत. पीव्हीसीतला पुनर्वापर बराचसा कारखान्यांच्या कापांमधून येतो. राख ही वीजकेंद्राचा टाकाऊ माल, म्हणजे तीही ग्राहकाच्या आधीचीच. मला तरीही ती पटते, कारण ३० वर्षं भिंतीवर राहणारी फळी ही ८ वर्षांत उखडून कचऱ्यात जाणाऱ्या फळीपेक्षा कमी माल खाते, पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

तुमचं घर १९७८च्या आधीचं आहे, तेव्हा जुन्या पट्ट्यांवरच्या रंगात शिसं असू शकतं. घासू नका, तोडफोड करू नका. आधी तपासणी करून घ्या, आणि ठेकेदार लावणार असाल तर शिशाच्या रंगाच्या कामाचं ईपीएचं, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेचं, प्रमाणपत्र त्याच्याकडे आहे का ते पाहा. घरात लहान मूल असेल तर यात अजिबात तडजोड नको.

फळी कोणतीही घ्या, आडव्या ट्रिमच्या डोक्यावर धातूचं फ्लॅशिंग, म्हणजे पाणी बाहेर वळवणारी पत्र्याची पट्टी, हवंच, आणि ते साइडिंगखालच्या पाणी अडवणाऱ्या कागदाच्या मागे सरकवलेलं हवं. माझ्याकडे ते नव्हतं. फटीपेक्षा जास्त पाणी बहुधा तिथूनच गेलं असणार, हे मला ओएसबीवरचे डाग पाहून उमगलं. म्हणून जुनी पट्टी निघाली की नवीन लगेच ठोकू नका. मागची ओएसबी किंवा लाकूड बोटांनी दाबून पाहा, मऊ लागलं तर तेवढा भाग बदला.

राखेची फळी मोठ्या दुकानांत नेहमी मिळत नाही, लाकडाच्या वखारीत मागवावी लागते. मेमध्ये काम करायचं असेल तर मार्चमध्येच ऑर्डर द्या. गॅरेजच्या दाराची रुंदी आणि ते कोणत्या दिशेला आहे ते इथे लिहा, सांधा कुठे द्यायचा ते सांगतो.