वाचकांचे प्रश्न : लागलंय की नाटक?

टॅकल (समोरच्याच्या पायातला बॉल हिसकावणं), दुखापत आणि फुटबॉलपटूंची कुरकुर यांबद्दल पुण्यातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : हल्लीचे फुटबॉलपटू जरा धक्का लागला की लोळण घेतात आणि रेफ्रीसमोर हात नाचवतात. जुने खेळाडू लाथा खाऊन उठायचे आणि खेळायचे. हे लोक नाजूक झालेत का?
— एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : नाजूक झालेले नाहीत. लोळण्याबद्दलचा तुमचा राग मात्र रास्त आहे. लागल्याचं ढोंग करून रेफ्रीला फसवणं हा नियमानेच गुन्हा आहे आणि त्याला पिवळं कार्ड मिळतं. ते दाखवायला रेफ्री कचरतात, ही खरी अडचण.

जुने खेळाडू लाथा खाऊन उठायचे, पण सगळे नाही. १९६६च्या वर्ल्ड कपमध्ये बल्गेरियाने पेलेला इतकं तुडवलं की पुढची मॅच त्याला सोडावी लागली. त्यानंतर पोर्तुगालने पुन्हा तेच केलं. बदली खेळाडूची सोय नव्हती, म्हणून तो लंगडतच मैदानात राहिला आणि ब्राझील पहिल्याच फेरीत बाहेर गेलं. कार्डं आणि बदली खेळाडू वर्ल्ड कपमध्ये आले १९७० साली. १९८३मध्ये मागून आलेल्या टॅकलने मॅराडोनाचा घोटा मोडला. नेदरलँड्सचा स्ट्रायकर व्हॅन बास्टेन याने घोट्यापायी वयाच्या २८व्या वर्षी शेवटची मॅच खेळली. मागून केलेल्या धोकादायक टॅकलला थेट लाल कार्ड द्या, अशी सक्त ताकीद १९९८च्या वर्ल्ड कपपासून आली.

शिवाय खेळाचा वेग वाढलाय. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २००६-०७ ते २०१२-१३ या काळात खेळाडूंचं वेगात धावण्याचं अंतर सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचं मोजलं गेलं. समजा धडकणाऱ्याचा वेग दीडपट झाला, तर धडकेतली ऊर्जा सव्वादोनपट होते.

नाटक ओळखायचं तर हात बघा. खरंच तोल गेलेल्याचे हात आपोआप जमिनीकडे जातात. दोन्ही हात वर, छाती पुढे, पाय मागे दुमडलेले अशी कमान दिसली तर शंका घ्या. पण ‘आत्ता विव्हळत होता आणि लगेच पळतोय’ एवढ्यावरून खोटं ठरवू नका. नडगीवर मांस जवळजवळ नसतंच. तिथे बूट लागला की जीव कळवळतो, आणि मिनिटाभरात ती कळ ओसरूही शकते.

आमचं म्हणणं असं, की खेळाडू रेफ्रीकडे फार तक्रार करतात आणि डॉक्टरकडे फारच कमी. पुढचं पत्र त्याबद्दलच आहे.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. काल शाळेच्या मॅचमध्ये हेडिंग करताना दुसऱ्या मुलाच्या डोक्यावर त्याचं डोकं आपटलं. थोडा वेळ गोंधळला होता, मग खेळत राहिला. सर म्हणाले, ‘रडू नकोस, होतं असं.’ आज डोकं दुखतंय म्हणतोय. शनिवारी मॅच आहे, पाठवू का?
— पालक, वानवडी

उत्तर : पाठवू नका, आणि आजच डॉक्टरांना दाखवा. डोकं आपटल्यावर मूल गोंधळलं आणि नंतर डोकं दुखू लागलं, म्हणजे मेंदूला हादरा बसलाय असं धरूनच चालायचं. त्यासाठी बेशुद्ध पडावं लागत नाही. बहुतेकांची शुद्ध जातच नाही. सीटी स्कॅन चांगला आला म्हणूनही निर्धास्त होऊ नका. स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि फ्रॅक्चर दिसतं, मेंदूच्या कामात आलेला तात्पुरता बिघाड दिसत नाही.

पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, एकाचे दोन दिसणं, हातापायांतला जोर जाणं, झटका, मान दुखणं, गुंगी चढत जाणं यांपैकी काहीही झालं तर दवाखाना उघडायची वाट बघू नका. १०८ला फोन करा आणि थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

अशी धडक झाली की सरांनी मैदानावरच विचारायचं : आपण कुठल्या मैदानावर आहोत? पहिला हाफ चाललाय की दुसरा? शेवटचा गोल कुणी मारला? मागची मॅच कुणाशी होती? ती आपण जिंकलो का? एक उत्तर चुकलं तरी मुलगा बाहेर. सगळी बरोबर आली, पण गरगरतंय किंवा डोकं दुखतंय, तरीही बाहेर. ‘मी बरा आहे’ या शब्दावर विसंबू नका, कारण ज्या मेंदूने ते ठरवायचं त्यालाच मार लागलेला असतो. २०१४च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये जर्मनीचा क्रिस्टोफ क्रॅमर धडकेनंतरही खेळत होता आणि त्याने रेफ्रीलाच विचारलं, ही फायनल आहे का? त्यानंतर त्याला बाहेर काढलं.

पहिले २४ ते ४८ तास घरी आराम. मोबाइल-टीव्ही कमी, हलकं चालणं चालेल, अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवायची गरज नाही. मग भरभर चालणं किंवा जागच्या जागी सायकल, मग जॉगिंग, मग एकट्याने बॉलचा सराव, मग त्रास पूर्ण थांबल्यावरच कुणाशी धडक होणार नाही असा टीमचा सराव. प्रत्येक पायरीला किमान २४ तास द्या. त्रास वाढला तर एक पायरी मागे. शाळा पूर्ण वेळ जमू लागली, त्रास पूर्ण थांबला आणि डॉक्टरांनी लेखी परवानगी दिली, की मगच टॅकल आणि हेडिंग, आणि सगळ्यात शेवटी मॅच. मुलांना यात बरेचदा दोन ते चार आठवडे जातात. मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर तो सुजून जिवावर बेतू शकतं. हे क्वचित होतं, पण बहुतेक याच वयात होतं.

‘रडू नकोस’ हे वाक्य मुलांच्या मैदानावरून कायमचं जायला हवं. ते ऐकलेला मुलगा पुढच्या वेळी सांगणारच नाही. आणि स्थानिक स्पर्धांच्या आयोजकांना विनंती : डोक्याला मार लागलेल्यासाठी नेहमीच्या बदल्यांव्यतिरिक्त एक बदली देण्याची मुभा १ जुलै २०२४पासून खेळाच्या नियमांतच आहे. ती द्या.

प्रश्न : मी बॉल आधी घेतला, माणूस नंतर लागला. तरी लाल कार्ड! हा न्याय आहे?
— एक डिफेंडर, पिंपरी

उत्तर : असू शकतो. बॉल मिळाल्याने गुन्हा माफ होत नाही. निष्काळजी टॅकलला नुसती फ्री किक, समोरच्याच्या धोक्याची पर्वा न करता केलेल्याला पिवळं, आणि गरजेपेक्षा जास्त जोर लावला किंवा त्याला इजा होईल असं केलं तर लाल. रेफ्री तुमचा वेग, किती लांबून झेप घेतली, स्टड (बुटाच्या तळाचे खुंट) दिसत होते का, गुडघा ताठ होता का आणि पाय कुठे लागला हे बघतो. घोट्याच्या वर, ताठ पाय, स्टड पुढे : यात वाद घालायला जागा नाही.

उभ्याने टॅकल करायला शिका. टेकलेला पाय बॉलच्या शेजारी, दोन्ही गुडघे किंचित वाकलेले, दुसऱ्या पायाचा घोटा घट्ट आणि त्याची आतली बाजू बॉलच्या मधोमध, वजन बॉलवर झुकलेलं. मागे रेललात की पाय आपोआप वर उचलला जातो, आणि तोच समोरच्याच्या नडगीवर बसतो. मुरमाच्या मैदानावर घसरत जाणारा टॅकल टाळाच. मांडी सोलवटते आणि स्टड मध्येच अडकून गुडघा पिरगळतो.

प्रश्न : सातवीतल्या मुलीला शिन गार्ड (नडगीवर बांधायचं कवच) कोणत्या मापाचे घ्यावेत? छोटे गार्ड हलके वाटतात म्हणते.
— पालक, कोथरूड

उत्तर : मोठे खेळाडू तळहाताएवढे गार्ड घालतात, ते बघून मुली-मुलं तेच मागतात. घेऊ नका. पाऊल जिथे वाकतं त्याच्या वर दोन बोटं ते गुडघ्याच्या वाटीखाली तीन बोटं, एवढा भाग झाकला गेला पाहिजे. दुकानात मोजे घालूनच बघा, दहा-बारा उड्या मारायला लावा. गार्ड फिरला तर माप चुकलं. गार्ड पूर्ण मोज्याच्या आत हवा, असा नियमच आहे. घोट्याला मात्र त्याने संरक्षण नाही. घोटा मुरगळल्यावर चार पावलंही टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या कोणत्याही एका बाजूच्या हाडाच्या टोकाला अथवा मागच्या कडेला दाबल्यावर दुखलं, तर एक्स-रे काढाच. तोवर कापडात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी १५ ते २० मिनिटं.