व्हॉल्वो निम्म्या किमतीत, पण सुटे भाग पूर्ण किमतीचे

प्रश्न: वय ४१, राहणार कोल्हापूर. गोकुळ शिरगावच्या कारखान्यात नोकरी, हातात महिना १ लाख ४० हजार येतात. गृहकर्जाचा हप्ता ३४ हजार, अजून १८ हप्ते बाकी. मुलगी नववीत. बँकेत १२ लाखांच्या ठेवी, म्युच्युअल फंडात ८ लाख. मुंबईत २०२१ची व्हॉल्वो एस६० मिळते आहे, एकच मालक, ३८ हजार किलोमीटर, किंमत २४ लाख. १० लाखांच्या ठेवी मोडून आणि १४ लाखांचं कर्ज (१२ टक्के, ५ वर्षं) काढून घ्यावी का?

उत्तर: गाडीची निवड चांगली आहे, हे आधी सांगते. जानेवारी २०२१ मध्ये ही एस६० आपल्याकडे आली तेव्हा शोरूमची किंमत ४५ लाख ९० हजार होती. १९६९ सीसीचं टर्बो (जास्त हवा दाबून ताकद वाढवणारा पंखा) असलेलं पेट्रोल इंजिन, १९० अश्वशक्ती, आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि सुरक्षिततेत व्हॉल्वोचं नाव आहेच. एवढी गाडी २४ लाखांत दिसली की मन तिच्यावर जाणारच.

पण किमतीतली ही घसरण फक्त गाडीला लागू होते. सुटे भाग आजही शेहेचाळीस लाखांच्या गाडीच्याच दराने येतात. उदाहरणार्थ, समोरच्या काचेमागे आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेचा कॅमेरा असतो. महामार्गावर खडी उडून काच तडकली तर नुसती काच बदलून भागत नाही, कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. अठरा इंची टायर, ठरावीक दर्जाचं सिंथेटिक ऑइल, सेन्सर, सगळ्याची तीच गोष्ट. टर्बो असलेल्या इंजिनात ऑइल बदलायला उशीर झाला की त्याची किंमत टर्बोच वसूल करतो. शिवाय रस्त्यावर दुर्मीळ असलेल्या गाडीचे भाग नाक्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. कंपनीचं सर्व्हिस सेंटर पुण्यात धरलं तरी एका फेरीचे साडेचारशे-पावणेपाचशे किलोमीटर होतात.

आता पाच वर्षांचा हिशेब मांडू. १४ लाखांवर हप्ता ३१ हजार १४२ रुपये बसेल, व्याज एकूण ४ लाख ६८ हजार. पाच वर्षांनी गाडी ९ लाखांना गेली असं धरते, म्हणजे किमतीत १५ लाख गेले. विमा वर्षाला ६० हजार, देखभाल आणि टायर मिळून वर्षाला १ लाख, आणि वर्षाला १० हजार किलोमीटर चालवली तर दहाच्या ॲव्हरेजने पेट्रोल साधारण सव्वा पाच लाखांचं. यातले काही आकडे माझे अंदाज आहेत, तुम्ही हवे तर बदलून बघा. बेरीज ३३ लाखांच्या आसपास येते, म्हणजे महिन्याला ५५ हजार. कारखान्यात जायला-यायला आणि वर्षातून चार वेळा मुंबईला जायला.

विक्रीचे ९ लाख मी मुद्दाम कमी धरले आहेत. दुर्मीळ गाडी घेताना स्वस्त मिळते ती गिऱ्हाईक कमी असल्यामुळे, आणि आपण विकायला काढतो तेव्हाही गिऱ्हाईक तेवढंच कमी असतं. तोवर ती दहा वर्षांची झालेली असेल. कोल्हापुरात तिला गिऱ्हाईक शोधायला किती महिने लागतील, याचा विचार आजच करा.

मला खरी काळजी वाटते ती ठेवींची. दोन्ही हप्ते मिळून ६५ हजारांवर जातात, म्हणजे पगारातले साडेशेहेचाळीस टक्के. बँकेत उरतात २ लाख. या हप्त्यांवर घरखर्च ५० हजार धरला तर पगार थांबल्यावर ते दोन महिनेही पुरत नाहीत, आणि मुलीच्या अकरावी-बारावीच्या क्लासची फी नेमकी याच काळात येणार. अशा वेळी गिअरबॉक्सने मोठं काम काढलं तर म्युच्युअल फंडालाच हात लागेल. म्हणून आज, या पद्धतीने, ही गाडी घेऊ नका.

तुमच्या हिशेबातच याची वाट आहे. दीड वर्षात गृहकर्ज संपतं आणि महिन्याला ३४ हजार मोकळे होतात. तोवर हप्त्याएवढे ३१ हजार दरमहा वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका. ते जड गेलं तर गाडीचा हप्ताही जड गेला असता, हे पैसे न गमावता कळेल. जमलं तर साडेपाच लाख हातात येतील आणि तोपर्यंत ही गाडीही आणखी उतरलेली असेल. आत्ताच टर्बोची मजा हवी असेल तर दोन-तीन वर्षं वापरलेली दीड लिटर टर्बो स्कोडा स्लाविया किंवा फोक्सवॅगन व्हर्टुस बघा. १५० अश्वशक्ती आहे, आणि व्हॉल्वोपेक्षा सुटे भाग आणि गिऱ्हाईक दोन्ही सहज मिळतात.

पुढे एस६० घ्यायची वेळ आलीच, तर गाडीच्या किमतीखेरीज ३ लाख फक्त दुरुस्तीसाठी बाजूला काढा आणि त्यांना हात लावू नका. कंपनीच्या सर्व्हिसची पूर्ण नोंद मागा. गाडी थंड असताना स्वतः सुरू करून धूर आणि शिट्टीसारखा आवाज तपासा. वाहन पोर्टलवर कर्जाचा बोजा आणि थकीत चलन पाहा. पाण्याबद्दल तर खोदून विचारा. जुलै २०२१च्या पुरात आपल्या पंचगंगेकाठच्या किती गाड्या बुडाल्या ते तुम्ही पाहिलंय, आणि मुंबईत तर दर पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी भरतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या टोकाला चिखलाचा डाग आहे का बघा, डिकीतला गालिचा उचलून गंज शोधा. विमा घेताना इंजिन संरक्षणाचं कलम जोडा. ते नसेल तर इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान नेहमीच्या पॉलिसीत सहसा बसत नाही. तुमची आत्ताची गाडी विकलीत तर तिच्यावरचा नो क्लेम बोनस नव्या गाडीच्या विम्याला लावून घ्या. तो मालकाचा असतो, आणि सलग पाच वर्षं दावा केला नसेल तर विम्याच्या हप्त्यातल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर ५० टक्के सूट मिळते. मुंबईची गाडी असल्याने फॉर्म २९ आणि ३० भरून नावावर होईल. दिल्लीची याहून स्वस्त दिसली तरी तिथली एनओसी आणि इथला रस्ता कर धरूनच तुलना करा.

आवर्ती ठेव या महिन्याच्या पगारापासून सुरू करा. गृहकर्जाचा शेवटचा हप्ता गेला की मला लिहा, तेव्हाच्या आकड्यांवर हाच हिशेब पुन्हा मांडून देईन.