पोटात पाणी, न उतरणारा ताप आणि नऊ महिन्यांचा बोका

प्रश्न : आमचा बोका गोट्या नऊ महिन्यांचा आहे, वजन 2.6 किलो. दोन आठवडे ताप आहे. अँटिबायोटिकची दोन इंजेक्शनं झाली, तरी उतरत नाही. पाठीची हाडं लागतात आणि पोट मात्र फुगलंय. रक्तात अल्ब्युमिन 2.1, ग्लोब्युलिन 6.3 आलं. डॉक्टर म्हणाले, एफआयपी आहे, उपचार नाही, कायमच्या झोपेचं इंजेक्शन देऊन टाका. घरात त्याची बहीणही आहे. काय करू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, अंक निघेपर्यंत थांबण्यासारखं हे दुखणं नाही, म्हणून तुम्हाला आधीच फोन केला. इथे लिहितेय ते अशाच वळणावर उभ्या असलेल्या इतर घरांसाठी. ते इंजेक्शन आज देऊ नका.

तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं 2019 च्या आधी खरं होतं. मी स्वतः कितीतरी घरांत तेच सांगितलंय. माझ्या मनीला पोटात असंच पाणी झालं, तेव्हा मीही हात टेकले होते. ती अजून आठवते, म्हणूनच इतक्या पोटतिडकीनं लिहितेय.

आधी निदान. एफआयपी म्हणजे फेलाइन इन्फेक्शस पेरिटोनायटिस, मांजरांच्या कोरोना विषाणूतून उद्भवणारा आजार. हा विषाणू बहुतेकदा आतड्यात राहतो, जुलाबापलीकडे फार त्रास देत नाही. काही मांजरांत, विशेषतः दोन वर्षांखालच्या, तो शरीरातच बदलतो, पांढऱ्या पेशींत शिरतो आणि रक्तवाहिन्यांना सूज आणतो. त्या झिरपतात, पोटात पाणी साठतं. अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन ही रक्तातली प्रथिनं; गोट्याचं त्यांचं प्रमाण (2.1 भागिले 6.3) 0.33 येतं. 0.4 च्या खाली संशय दाट होतो, 0.8 च्या वर असतं तर मी दुसरं कारण शोधलं असतं. नुसत्या कोरोनाच्या अँटिबॉडी टेस्टवर मात्र विसंबू नका, ती धडधाकट मांजरांतही पॉझिटिव्ह येते.

सुईनं थोडं पाणी काढायला सांगा. ते पिवळं, चिकट, तार धरणारं असतं. रिवाल्टा चाचणी कुठल्याही दवाखान्यात होते : 7-8 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये अॅसेटिक अॅसिडचा एक थेंब, त्यावर पोटातल्या पाण्याचा एक थेंब अलगद सोडायचा. तो विरघळून गेला, तर एफआयपीची शक्यता फारच कमी. आकार धरून तरंगला किंवा हळूहळू खाली उतरला, तर संशय बळावतो. जंतुसंसर्गात आणि लिम्फोमा या कर्करोगातही असं होऊ शकतं, म्हणून त्याच पाण्याची पेशीतपासणी आणि पीसीआर करून घ्या. पोट मात्र पूर्ण रिकामं करू नये. श्वास घेताना धाप लागली तरच पाणी काढावं.

औषधाचं नाव जीएस-441524. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठात नील्स पेडरसन यांच्या गटानं 2019 मध्ये 31 मांजरांवरचा अभ्यास छापला. 26 मांजरांनी बारा आठवड्यांचा कोर्स पूर्ण केला. काहींचा आजार उलटला, पण पुन्हा औषध दिल्यावर त्यांतली बहुतेक सावरली. कोविडमध्ये घराघरांत नाव पोहोचलेलं रेमडेसिवीर शरीरात गेल्यावर याच औषधात बदलतं. 2024 मध्ये जर्मनीतल्या अभ्यासात पोटात किंवा छातीत पाणी झालेल्या मांजरांना 42 दिवसांचा कोर्स 84 दिवसांइतकाच लागू पडला. पण दिवस किती, हे रक्त तपासूनच ठरवायचं. डोळ्यांत किंवा मेंदूत आजार शिरला असेल तर डोस जास्त लागतो.

डोस वजनावर असतो, आणि बरं होणारं मांजर झपाट्यानं भरतं. म्हणून दर रविवारी वजन करा आणि डॉक्टरांकडून डोस वाढवून घ्या. जुन्याच डोसवर राहिल्यानं आजार उलटलेला मी पाहिलाय. औषध लागू पडलं तर ताप बहुधा दोन-तीन दिवसांत उतरतो, पोट ओसरायला एक-दोन आठवडे लागतात. तुमचे डॉक्टर तयार नसतील, तर औषध वापरलेल्या दुसऱ्या पशुवैद्यांकडे जा, पण स्वतःच्या मनानं सुई टोचू नका. या औषधाचं इंजेक्शन फार झोंबतं, शक्यतो गोळी मागा.

बहिणीला घराबाहेर काढू नका. साधा कोरोना शीवाटे पसरतो आणि तो तिला बहुधा आधीच झालेला असेल. बदललेला विषाणू सहसा एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. रेतीचे ट्रे वेगळे ठेवा, रोज साफ करा, खाण्याच्या भांड्यांपासून लांब.

पहिल्या रविवारचं वजन मला कळवा.