‘पाचेची अंगठी’ म्हणजे पाच खड्यांची नव्हे

इंदूरच्या रामबागेतल्या एका ताईंनी विचारलंय: आजेसासूबाईंच्या दागिन्यांच्या यादीत ‘अंगठी पाचेची १’ असं लिहिलेलं सापडलं. खडा तर एकच, हिरवा. सराफ्यात दाखवला तर ‘पन्ना है’ म्हणाले, आत रेषाही दाखवल्या. मग हे पाच कसले? आणि पन्ना नाव पन्ना गावावरून पडलं का?

ताई, यादी अगदी बिनचूक आहे. ही पाच म्हणजे रत्न. ती पाच, तो पाचू, दोन्ही एकच; हिंदीत त्यालाच पन्ना म्हणतात. आकड्याचं सामान्यरूप ‘पाचा’ होतं: पाचाची नोट, पाचांची मतं. रत्नाचं ‘पाचे’: पाचेचा खडा, पाचेची अंगठी. आजेसासूबाईंनी ‘च’वर दिलेली ती एक मात्राच सगळं सांगते. पूर्वी आकडा ‘पांच’ असा अनुस्वार देऊन लिहीत, त्यामुळे घोटाळा होतच नसे. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि दोन्ही शब्द कागदावर सारखे दिसू लागले. मला या एका टिंबाची खरंच हळहळ वाटते.

मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात खाणी आहेत, पण हिऱ्यांच्या. हिंदीतला ‘पन्ना’ कोशकार संस्कृत ‘पर्ण’पासून देतात. आपलं ‘पान’ही त्याच पर्णाचं. म्हणजे सराफ पन्ना म्हणतो तेव्हा तो पानाचा हिरवा रंगच सांगत असतो. बोलताना पन्ना खुशाल म्हणा, इंदुरात राहून ते टळणार नाही. पण घरात ‘पाच’ हा शब्द जिवंत ठेवा. याच रत्नाच्या संस्कृत ‘मरकत’ या नावाची वाट आणखी लांबची. त्याचं नातं ग्रीक ‘स्मराग्डोस’शी आणि पुढे ‘चमकणे’ या अर्थाच्या सेमिटिक, म्हणजे अरबी-हिब्रूच्या कुळातल्या, धातूशी जोडतात. अरबी-फारसी ‘जमुर्रद’ त्याच गोतावळ्यातला.

रेषांनी घाबरू नका. नैसर्गिक पाचेत त्या असतातच. फ्रेंच लोक त्यांना ‘बाग’ म्हणतात. तळहातावर घेऊन उजेडात तिरपी धरा, आत शेवाळाचे धागे तरंगल्यासारखे दिसतील. अगदीच निर्मळ, मोठा आणि स्वस्त खडा मिळाला, तर मात्र संशय घ्यावा.

या बारीक चिरांत बहुधा तेल मुरवलेलं असतं, म्हणून अंगठी वाफेच्या किंवा अल्ट्रासोनिक यंत्रात धुवायला देऊ नका. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. भांडी घासताना आधी काढून ठेवा.